विश्लेषण : हिऱ्यांवर हक्क टोळीचा की देशाचा? सेरेत्से खामांनी बोत्सवाना कसा घडवला?

बोत्सवाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा देशात डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर. कलहारीचे वाळवंट, दुष्काळ आणि गुरे एवढीच त्याची ओळख. सरकारी खर्चाचा मोठा भाग ब्रिटनच्या अनुदानातून भागत असे. हाच देश पुढे जगातील वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांमध्ये गणला गेला. त्याचा पाया पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांनी घातला.

गादी का सोडावी लागली?

खामांचा जन्म १ जुलै १९२१ रोजी सेरोवे येथे झाला. ते बामांग्वाटो टोळीच्या गादीचे वारस. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असताना १९४८ मध्ये त्यांनी रूथ विल्यम्स या गोऱ्या ब्रिटिश तरुणीशी विवाह केला. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी सरकारला तो खुपला. त्या सरकारला दुखवायचे नसल्याने ब्रिटनने खामांना मायदेशाबाहेर ठेवले. अखेर १९५६ मध्ये गादीवरचा हक्क सोडून ते परतले आणि १९६२ मध्ये त्यांनी पक्ष स्थापन केला.

खनिज कायदा निर्णायक का ठरला?

१९६७ च्या कायद्याने टोळ्यांच्या जमिनीखालील खनिजांचा हक्क सरकारकडे आला. त्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले, तेही बामांग्वाटोंच्याच प्रदेशात. म्हणजे या कायद्याने सर्वाधिक गमावले ते खामांच्या टोळीने. कांगोत तांब्याने समृद्ध कटांगा प्रांत १९६० मध्ये फुटून निघू पाहत होता आणि रक्तपात झाला होता. बोत्सवानाने ती वेळ येऊ दिली नाही.

हिऱ्यांचा पैसा कुठे गेला?

ओरापाची खाण १९७१ मध्ये सुरू झाली. डी बीअर्ससोबतच्या कंपनीत सरकारचा वाटा आधी १५ टक्के होता. नव्या वाटाघाटींनंतर १९७५ मध्ये तो ५० टक्क्यांवर गेला. त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रँडऐवजी स्वतःचे चलन आले. त्याचे नाव ‘पुला’, म्हणजे पाऊस.

उणिवा कोणत्या?

खाणींनी तिजोरी भरली, रोजगार मात्र मोजकाच दिला. विषमता कायम राहिली आणि हिऱ्यांचा बाजार पडला की अर्थसंकल्प आजही डगमगतो. १३ जुलै १९८० रोजी खामांचे निधन झाले. ज्वानेंगची अधिक श्रीमंत खाण सुरू झाली ती १९८२ मध्ये. तिच्या उत्पन्नावर देशाचा हक्क आहे का, हा वाद तोवर उरलाच नव्हता.