कोरा अग्रलेख

उज्जैनीस महाकालाच्या दर्शनाला गेलेला आपल्या किनाऱ्यावरील माणूस एक गोष्ट अभिमानाने सांगतो. हे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभारले, ते शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. अभिमान रास्तच आहे. मध्यंतरी आम्ही तेथे गेलो असता देवळाबाहेर चहाच्या दुकानात हिंदी दैनिक चाळताना आम्हांस मात्र दुसऱ्याच एका मराठी माणसाची आठवण झाली. राष्ट्रपति, मुद्रास्फीति, सर्वश्री हे शब्द हिंदी वृत्तपत्रांत रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या बाबूराव विष्णु पराडकरांचे नाव महाराष्ट्रात आज कितीजणांस ठाऊक असेल?

पराडकरांचा जन्म १६ नोव्हेंबर १८८३ रोजी काशीत, तेथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यात झाला. १९०६ साली ते कलकत्त्यास ‘हिंदी बंगवासी’ पत्रात दाखल झाले. पुढे ‘हितवार्ता’ व ‘भारतमित्र’ या पत्रांत त्यांची लेखणी तावून निघाली. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर हे बंगालीतील ख्यातनाम लेखक. मामांच्या ‘देशेर कथा’ या ग्रंथाचा भाच्याने हिंदी अनुवाद केला. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून १९१६ मध्ये सरकारने पराडकरांना स्थानबद्ध केले. सुटका झाली ती १९२० साली.

त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी शिवप्रसाद गुप्त यांनी काशीत ‘आज’ हे दैनिक सुरू केले आणि पराडकरांना आयुष्याचे कार्यक्षेत्र गवसले. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वृत्तपत्रांविरुद्ध वटहुकूम काढला. ‘आज’ बंद पडले. पण काशीत ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक निघू लागले आणि त्यामागे पराडकर होते. ‘आज’ पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी एके दिवशी अग्रलेखाची जागा जवळजवळ कोरीच सोडली. देशाचे दारिद्र्य, लाठ्यांचा वर्षाव आणि भरलेले तुरुंग पाहून देशभक्ताच्या अंतःकरणात जे विचार उठतील, तोच आजचा अग्रलेख समजावा, एवढाच त्यांचा आशय होता.

१९४३ मध्ये ते ‘संसार’कडे गेले, १९४७ मध्ये ‘आज’मध्ये परतले आणि १२ जानेवारी १९५५ रोजी निवर्तले. ‘आज’ने २०२० मध्ये शंभरी गाठली.

दैनिकाचे आयुष्य खरे तर एका दिवसाचे. सायंकाळी त्यात भजी बांधली जातात. असे पत्र शतकभर टिकते, ते भांडवलाने की यंत्राने? पराडकरांना या प्रश्नाचे उत्तर १९२५ सालीच दिसले होते. वृंदावनच्या संपादक संमेलनात त्यांनी बजावले होते, की पुढे वृत्तपत्रे सुबक होतील, सचित्र होतील, धनिकांच्या बळावर दूरवर जातील. परंतु त्यांतील प्राण क्षीण होईल आणि संपादकास आजचे स्वातंत्र्य उरणार नाही.

हे भाकीत आम्ही दुसऱ्या कोणाविषयी वाचत नाही. आमची छपाई रंगीत झाली, पाने वाढली. आमच्या लेखणीवर १९३० सारखा वटहुकूम नाही; तरीही जाहिरातदाराच्या कपाळावरची आठी पाहून वाक्य मवाळ करण्याचा मोह आम्हांस होतच नाही, असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही. उद्या आम्ही ही जागा कोरी सोडली, तर वाचक ती आपल्या मनाने भरून घेईल काय? घेईल, असे म्हणण्याचा अधिकार रोज नव्याने मिळवावा लागतो. पराडकरांनी तो मिळविला होता.