लोकमान्यांचा देहाभ्यास

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. बुद्धी तीव्र, परंतु देह कृश. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश करताच त्यांनी पहिले वर्ष शरीर कमावण्यास वाहिले. व्यायाम, कुस्ती, पोहणे, नाव वल्हविणे हा नित्यक्रम झाला. पाठ्यपुस्तके बाजूस राहिली, वर्ष वाया गेले असे लोकांस वाटले. पण नेम मोडला नाही.

चंचल मनाच्या निग्रहास भगवंतांनी अभ्यास व वैराग्य ही साधने सांगितली आहेत. तेच नित्य करीत राहणे हा अभ्यास. आड येणारी सुखे सोडणे हे वैराग्य. मल्लाची व साधकाची वाट येथे एकच आहे.

१९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांस सहा वर्षांची शिक्षा होऊन ब्रह्मदेशात मंडाले येथे ठेवण्यात आले. वय ५२, मधुमेह जडलेला, मुलुख परका. तरीही आहारविहार नियमित ठेवून १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची वार्ता तुरुंगातच आली. १९१४ साली ते सुटले. १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तारुण्यातील ते वर्ष वाया गेले नव्हते. देह हे साध्य नव्हे. परंतु कर्मयोग्याचे ते पहिले साधन होय.