हँडल मारणे थांबवणारा माणूस

मोटार हँडल मारून सुरू करायची म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांना सांगून पटायचे नाही. जुन्या ॲम्बॅसिडरच्या डिकीत ते वाकडे लोखंडी हँडल पडलेले असायचे. बॅटरी उतरली की घरातला कर्ता माणूस बाह्या सारून पुढे वाकायचा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, असे जाणते लोक बजावून सांगत. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट गेलेच म्हणून समजा!

हे नुसते मनगटावर भागत नसे. अमेरिकेत १९०८ च्या सुमारास बायरन कार्टर नावाचे मोटार कारखानदार एका बाईंची अडलेली कॅडिलॅक सुरू करून द्यायला गेले, हँडलचा फटका जबड्यावर बसला आणि त्या दुखण्यातच पुढे ते गेले, अशी हकिगत सांगतात. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड त्यांचे स्नेही. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. हँडलच नको, असे ठरवून त्यांनी ते काम ज्याच्याकडे सोपवले, त्या चार्ल्स केटरिंगची ही कथा.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिलजवळच्या एका शेतावरचा. डोळे लहानपणापासून अधू. आधी शाळामास्तर झाला, मग कॉलेजात गेला. डोळ्यांनी दगा दिला म्हणून शिक्षण सोडून टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत खांब रोवू लागला. पुन्हा कॉलेज गाठून १९०४ साली, सत्ताविसाव्या वर्षी, तो विजेचा इंजिनिअर झाला. मला वाटते, ते खांब रोवण्याचे दिवसच त्याची खरी पदवी.

डेटन गावच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्याला पहिले मोठे काम मिळाले. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राचा दांडा हाताने फिरवावा लागे, तो विजेवर फिरवायचा होता. एवढे काम करणारी मोटर गल्ल्यात मावणारच नाही, असे तज्ज्ञांचे गणित. केटरिंगने गणिताऐवजी काम पाहिले. गल्ला दिवसभर थोडाच फिरतो? क्षणभर फिरतो आणि थांबतो. मग मोटर क्षणभर ताणली तर काय बिघडले? लहान मोटर त्याने बेधडक ओव्हरलोड केली आणि गल्ला खणखणीत उघडला.

लेलँड यांचे काम आले तेव्हाही तज्ज्ञांनी तेच सांगितले. इंजिन फिरवायला लागणारी मोटर आणि बॅटरी मिळून गाडीभर होतील म्हणे! केटरिंगकडे उत्तर तयारच होते. एडवर्ड डीड्स या मित्राच्या घरामागच्या कोठारात त्याची मंडळी रात्री जागून काम करत. १९११ च्या फेब्रुवारीत सेल्फची गाडी लेलँड यांच्यापुढे उभी राहिली आणि १९१२ च्या मॉडेलपासून कॅडिलॅकचे हँडल सुटले. बायकांना मोटार एकटीने चालवता येऊ लागली, त्यात या सेल्फचा वाटा फार मोठा आहे. बॅटरी, कॉइल आणि पॉइंटवर ठिणगी पाडण्याची पद्धतही त्याचीच. आपल्या फियाट-पद्मिनीपर्यंत ती तशीच चालत आली.

पद्मिनीचे नाव निघाले म्हणून सांगतो. मीरा रोडला आमच्या शेजाऱ्यांकडे एक आहे, वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. त्यांनी हौसेने कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवून घेतले. तेव्हापासून गाडी रुसली. सेल्फ गरगर फिरतो, इंजिन पकडत नाही. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले, पेट्रोल पंप बदलला, भले मोठे बिल केले. गाडी होती तशीच.

शेवटी काशीमिऱ्याकडचे एक वयस्कर वायरमन आले. त्यांनी एकही वस्तू बदलली नाही. आधी प्लग काढून पाहिले, तर कोरडे. म्हणजे पेट्रोल आत येतच नव्हते. मग सोसायटीतल्या चार पोरांना धक्का मारायला लावला. गाडी लगेच सुरू! याचा अर्थ पंप, इंजेक्टर, ठिणगी सगळे ठीक. दोष फक्त सेल्फ फिरत असतानाच येतो. सेल्फवरून किल्ली सोडताना इंजिन एकदा खोकायचे, तेही त्यांनी टिपले.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनच्याच जोरावर चालतो, त्याला वीज लागत नाही. इंजेक्शनला मात्र विजेचा पंप लागतो आणि पेट्रोलचा हिशेब ठेवणारा ईसीयू नावाचा मेंदूही विजेवरच चालतो. आता केटरिंगची युक्ती आठवा. ते तीन-चार सेकंद सेल्फ बॅटरीचा बहुतेक सगळा जोर पिऊन टाकतो. म्हणून जुन्या किल्लीच्या स्विचमध्ये पंखा, रेडिओ वगैरेंच्या तारा तेवढ्यापुरत्या बंद होतात. मेंदूची वायर नेमकी अशाच तारेवर जोडलेली होती! सेल्फ मारला की मीटरवर शून्य. त्यांनी किल्लीच्या दोन्ही जागी चालू राहणारी तार शोधली, तिच्यावर रिले चालवून मेंदूला आणि पंपाला थेट बॅटरीवरून वीज दिली. भाईंदरच्या खाडीच्या आणि मिठागरांच्या वाऱ्याने गंजलेली अर्थिंगची पट्टी घासून काढली. काम झाले. केटरिंगला हा माणूस आवडला असता.

पण त्याच केटरिंगच्या आयुष्यात पुढे एक काळे पान आहे आणि ते वगळून त्याची थोरवी गाणे मला पटत नाही. कॅडिलॅकची इंजिने ठकठक करू लागली तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या बॅटरीच्या ठिणगीलाच दोष दिला. दोष इंधनाचा आहे हे त्याने ओळखले आणि ते बरोबरही होते. जनरल मोटर्समधल्या त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये घातले आणि ठकठक थांबली. अल्कोहोलनेही ती थांबते, हे त्याच प्रयोगशाळेला माहीत होते. पण पेटंटचा पैसा शिशात होता. १९२४ साली एथिल कंपनी निघाली आणि केटरिंग तिचा पहिला अध्यक्ष झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. दोष कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवणाऱ्या केटरिंगने इथे मात्र शिशाचीच बाजू घेतली. विक्री काही काळ थांबली आणि १९२६ पासून पुन्हा सुरू झाली. मग पुढची कित्येक दशके जगभरच्या मुलांनी शिसे श्वासातून घेतले. ते मुलांच्या मेंदूला घातक असते.

१९४५ साली त्याच्या आणि आल्फ्रेड स्लोन यांच्या नावाने न्यूयॉर्कला कॅन्सर संशोधनाची संस्था निघाली, तीही आज नावाजलेली आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी केटरिंग डेटनमध्ये वारला.

इंजेक्शनच्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा एक सेन्सर असतो, तो शिशाने निकामी होतो. त्यामुळे शिशाचे पेट्रोल गेल्यावरच ही पद्धत आपल्याकडे रुळू शकली. भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जेरिया, तिथे जुलै २०२१ मध्ये बंद झाले. तोवर केटरिंगला जाऊन ६२ वर्षे उलटली होती.