‘गोदरेज कपाट’ म्हणजे नेमकं काय? ब्रँडचं नाव घरोघरी पोहोचवणारे आर्देशीर गोदरेज कोण होते?

यवतमाळ जिल्ह्यातलं नेर असो की मुंबई, लोखंडी कपाट कुठल्याही कंपनीचं असलं तरी अनेक जण त्याला ‘गोदरेज’च म्हणतात. हे नाव ज्यांचं, त्या आर्देशीर गोदरेज यांचा प्रवास मात्र वकिलीपासून सुरू झाला होता.

वकिली का सोडली?
आर्देशीर यांचा जन्म 1868 चा. एका खटल्यासाठी ते झांझिबारला गेले. अशिलाच्या बाजूने खोटं बोलावं लागेल, हे कळल्यावर त्यांनी वकिलीच सोडली. मुंबईत परतून शस्त्रक्रियेची अवजारं बनवली. पण त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको, असं खरेदीदार ब्रिटिश व्यापाऱ्याचं म्हणणं होतं. आर्देशीर यांनी सौदा मोडला. धंदा बुडाला.

कुलपापासून कपाटापर्यंत
1897 मध्ये त्यांनी लालबागला कुलपांचा कारखाना काढला. काही वर्षांत तिजोऱ्या आल्या आणि 1923 मध्ये स्टीलची कपाटं. इथूनच कंपनी फर्निचरमध्ये उतरली. धाकटे भाऊ पिरोजशा यांनी व्याप वाढवला. आर्देशीर पुढे नाशिकला शेतीकडे वळले. 1936 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज याचा संबंध काय?
ऑफिस, बँक किंवा दवाखान्याचं इंटिरियर करताना फर्निचरचं स्पेसिफिकेशन लिहावं लागतं. तिथे नुसतं ‘गोदरेज कपाट, 10 नग’ लिहिलं, तर वाद ठरलेला. ग्राहकाला कंपनीचं कपाट अपेक्षित असतं. पुरवठादार स्थानिक फॅब्रिकेटरचं आणून ठेवतो. बोलीभाषेत दोघंही बरोबर!

मग काय लिहायचं?
- कंपनी आणि मॉडेल क्रमांक; पर्याय चालणार असेल तर तसं स्पष्ट.
- पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: 20 गेज साधारण 0.9 मिमी, तर 22 गेज 0.7 मिमी.
- मापं, कप्पे, कुलूप, रंगाची प्रक्रिया, वॉरंटी.
- माल उतरवताना कागदाशी ताडून मगच सही.

वस्तूवर तिची खरी ओळख असावी, एवढ्यासाठी आर्देशीर यांनी पहिला धंदा गमावला. त्यांचंच नाव आज ऑर्डरमध्ये मोघम लिहिलं जातं आणि भुर्दंड ग्राहकाला बसतो.