वस्तीचे गांधीभाई

मुलांनो, महात्मा गांधी हे नाव तुम्हां सर्वांच्या ओळखीचे आहे. वकील हा शब्दही तुम्हांला नवा नाही. पण गांधीजी स्वतः वकील होते आणि घर जाण्याची पाळी आलेल्या गरिबांसाठी ते अदालतीत उभे राहिले होते, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? आज आपण त्या वकिलाची ओळख करून घेऊ.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातमधील पोरबंदर येथे झाला. कायदा शिकण्यासाठी ते १८८८ साली इंग्लंडला गेले आणि १८९१ साली बॅरिस्टर होऊन परत आले. मुंबईच्या एका छोट्या न्यायालयात त्यांना पहिला खटला मिळाला. साक्षीदाराला प्रश्न विचारण्यासाठी ते उभे राहिले. पण त्यांचे पाय लटपटू लागले, तोंडातून शब्द फुटेना. ते तसेच खाली बसले आणि घेतलेली तीस रुपये फी त्यांनी परत केली. असा लाजाळू तरुण पुढे शेकडो लोकांचा आधार होईल, असे तेव्हा कोणाला वाटले असेल?

१८९३ साली दादा अब्दुल्ला नावाच्या गुजराती व्यापाऱ्याच्या पेढीने त्यांना एका खटल्याच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत बोलावले. खटला दोन नातेवाइकांमधला होता. गांधीजींनी दोघांची समजूत घालून तो आपसांत मिटवला. हरलेल्या पक्षाला पैसे हप्त्याने देण्याची सवलतही मिळवून दिली. भांडण वाढवणे नव्हे, तर माणसे जोडणे हेच वकिलाचे खरे काम आहे, हे त्यांना येथे उमगले. अब्दुल्ला शेठ त्यांना प्रेमाने भाई म्हणू लागले. मग सगळेच त्यांना भाई म्हणू लागले.

पुढे १९०३ साली गांधीजींनी जोहान्सबर्ग शहरात वकिली सुरू केली. सोन्याच्या खाणींमुळे हे शहर भराभर वाढत होते. तेथे भारतीयांना राहण्यासाठी एक वेगळी वस्ती नेमून दिलेली होती. बाहेर जमीन घेण्याची त्यांना मुभा नव्हती. वस्तीत राहणारे बहुतेक लोक पूर्वी मजूर म्हणून करारावर आलेले होते. त्यांना गिरमिटिया म्हणत. कोणी बिहारकडचे, कोणी दक्षिण भारतातले. त्यांनी जमिनीचे लहान लहान तुकडे ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतले होते. माणसे वाढत गेली. पण वस्तीची जागा मात्र तेवढीच राहिली. नगरपालिका ना नीट रस्ते करी, ना दिवे लावी, ना सफाई ठेवी. रहिवाशांनाही स्वच्छतेचे नियम ठाऊक नव्हते. मग याच घाणीचे कारण पुढे करून वस्ती हटवण्याचा अधिकार नगरपालिकेने कायद्याने मिळवला. दोष दोघांचा होता. पण घर जाणार होते ते फक्त गरिबाचे!

कायद्यात एक वाट मात्र होती. जागेबद्दल नगरपालिका देईल ती भरपाई मान्य नसेल, तर पट्टेदाराला खास न्यायमंडळाकडे दाद मागता येत होती. न्यायमंडळाने जास्त रक्कम ठरवली, तर खटल्याचा खर्चही नगरपालिकेवर पडत असे. पण ज्यांना अर्जसुद्धा लिहिता येत नाही, त्यांनी दाद मागायची कशी? ते गांधीभाईंकडे आले.

गांधीजींनी त्यांना सांगितले की जिंकल्यास न्यायमंडळ जो खर्च देईल तो मी घेईन. त्याशिवाय एका पट्ट्यामागे फक्त दहा पौंड घेईन आणि त्यातील निम्मी रक्कम गरिबांसाठी दवाखाना किंवा तशीच एखादी संस्था काढण्यासाठी बाजूला ठेवीन. हे ऐकून लोकांना फार आनंद झाला. सुमारे सत्तर खटले चालले. गांधीजींनी रात्रंदिवस मेहनत घेतली. त्यांपैकी फक्त एक खटला हरला! मात्र यातून मिळालेले सुमारे १,६०० पौंड भारतीयांची बाजू मांडणाऱ्या 'इंडियन ओपिनियन' या वृत्तपत्रावर खर्च झाले, हे त्यांनी आत्मचरित्रात न लपवता लिहून ठेवले आहे.

मुलांनो, खटले जिंकले, भरपाई मिळाली. पण गरिबांचे हाल संपले का? नाही. नगरपालिकेला नवी जागा सापडेना. लोक त्याच वस्तीत राहिले. फक्त काल मालक होते, ते आज नगरपालिकेचे भाडेकरू झाले. घाण आणि दाटी आणखी वाढली. आणि मार्च १९०४ मध्ये वस्तीत प्लेग शिरला.

एके दिवशी २३ रोगी एकदम वस्तीत आले. निरोप मिळताच गांधीजी सायकलवर बसून धावले. एका रिकाम्या घराचे कुलूप तोडून रोग्यांना तेथे ठेवले होते. गांधीजींनी आणि त्यांच्या कचेरीतील चार तरुणांनी जिवाची पर्वा न करता रोग्यांची सेवा केली. तरीही बहुतेक रोगी दगावले.

आता वस्ती रिकामी करावीच लागणार होती. लोकांनी साठवलेले पैसे जमिनीत पुरून ठेवले होते. बँक म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी ती सारी पुंजी गांधीभाईंच्या हाती सोपवली. सुमारे साठ हजार पौंड त्यांच्याकडे जमा झाले! गांधीजींनी ते बँकेत ठेवण्याची व्यवस्था केली. लोकांना शहरापासून दूर क्लिपस्प्रुट येथे तंबूंत नेण्यात आले आणि जुनी वस्ती जाळून टाकण्यात आली. घरे गेली, पण कष्टाची कमाई वाचली.

हा अनुभव पुढे भारतातही कामी आला. १९१७ साली बिहारमधील चंपारण येथे निळीचे मळेवाले शेतकऱ्यांना वीस कठ्ठे जमिनीपैकी तीन कठ्ठ्यांत सक्तीने नीळ पेरायला लावत. गांधीजींनी तेथील वकिलांना कचेऱ्या सोडून गावोगाव बसून शेतकऱ्यांच्या जबान्या लिहायला सांगितले. बडे वकील बिनमोल कारकून झाले. १९१८ साली कायदा होऊन ही सक्ती बंद झाली.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. पुढे १९७६ साली गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याचे तत्त्व आपल्या संविधानात आले. त्यासाठी १९८७ साली कायदाही झाला. म्हणून तुमच्या ओळखीच्या एखाद्या गरीब कुटुंबावर घर सोडण्याची वेळ आली, तर त्यांना जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाची वाट दाखवा. अर्ज लिहिता येत नसेल, तर तो लिहून द्या. गांधीभाईंची वकिली अशा लहान कामापासूनच सुरू झाली होती.

स्वाध्याय

१. गांधीजींनी पहिल्या खटल्याची फी परत का केली?
२. वस्तीच्या घाणीला कोण कोण जबाबदार होते?
३. खटले जिंकूनही वस्तीतील लोकांचे हाल का संपले नाहीत?
४. लोकांनी आपली पुंजी गांधीजींच्या हाती का सोपवली असेल? चार-पाच ओळींत लिहा.