होडीच्या मागे इंजिन टांगणारा माणूस : ओले एव्हिनरूड यांची गोष्ट

खाडीकाठच्या गावात किंवा धरणाच्या बॅकवॉटरला गेलात, तर छोट्या होडीच्या मागच्या फळीवर टांगलेलं एक इंजिन हमखास दिसतं. वर इंजिनाचं डोकं, मधे लांब दांडा आणि खाली पाण्यात पंखा. दोरी ओढली की फर्र करून चालू होतं. बिघडलं तर फळीवरचे दोन स्क्रू सैल करायचे, मशीन खांद्यावर टाकायचं आणि सरळ घरी आणायचं. मोठ्या बोटीचं इंजिन बोटीच्या पोटात असतं, ते काढायचं तर चार माणसं लागतात. हे मात्र अंगणात खोलता येतं आणि पाण्याच्या पिंपात बुडवून तिथल्या तिथं चालवूनही बघता येतं.

ही सोय ज्या माणसामुळे जगभर पोचली त्याचं नाव ओले एव्हिनरूड. मराठीत ओले म्हटलं की भिजलेलं असं वाटतं, आणि या माणसाचं सगळं आयुष्य पाण्याशी जोडलेलं, त्यामुळे नाव शोभतंही. पण हे नॉर्वे देशातलं साधं, घरोघरी असणारं नाव आहे.

ओलेचा जन्म 19 एप्रिल 1877 चा, नॉर्वेतल्या योविक गावाजवळचा. घर शेतकऱ्याचं. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब पोट भरायला अमेरिकेत गेलं आणि विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज नावाच्या गावाजवळ शेती करू लागलं. एव्हिनरूड हे आडनावही नॉर्वेतल्या शेताच्या नावावरून घेतलेलं. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, तसंच ते.

घराजवळ रिप्ली नावाचं तळं होतं. पोराचा जीव त्या तळ्यात. वडिलांना मात्र त्याने शेतात राबावं असं वाटायचं, होडीबिडीचा नाद नको. ओलेने चोरून होडी बांधायला घेतली ती वडिलांनी मोडून टाकली, असं सांगतात. पोरगं काही ऐकणारं नव्हतं. त्याने पुन्हा सुरुवात केली, या वेळी जास्त लपूनछपून, आणि शेवटी होडी तळ्यात तरंगलीच. ती बघितल्यावर वडिलांचाही विरोध मावळला म्हणे.

शाळा त्याची फारशी झाली नाही. सोळाव्या वर्षी तो मॅडिसन शहरात गेला आणि यंत्रांच्या कारखान्यात कामाला लागला. दिवसा लेथवर काम आणि रात्री इंजिनिअरिंगची पुस्तकं. पुढे पिट्सबर्ग, शिकागो आणि मग मिलवॉकी. जिथं काम मिळेल तिथं जायचं, तिथलं शिकून घ्यायचं आणि पुढं सरकायचं. त्या काळात पेट्रोल इंजिन ही नवी चीज होती. ते समजायचं तर स्वतः खोलून, जोडून बघण्याशिवाय इलाज नव्हता. ओले भाड्याच्या खोलीत राहून हेच करायचे. इंजिनाच्या आवाजाला आणि धुराला कंटाळून घरमालकिणीने त्यांना बाहेर काढलं, अशीही गोष्ट आहे. ज्यांच्या घरात असा खटपट्या माणूस आहे त्यांना ती खोटी वाटणार नाही.

1900 च्या सुमारास त्यांनी मिलवॉकीत एका भागीदाराबरोबर गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे इंजिन बनवून द्यायचं दुकान काढलं. तिथं शेजारी बेस कॅरी नावाची मुलगी राहायची. ओलेंचा हात यंत्रावर पक्का, पण चिठ्ठीचपाटी आणि हिशोब म्हटलं की आनंद. बेस पत्रं लिहायला, वह्या सांभाळायला येऊ लागली. 1906 मध्ये दोघांचं लग्न झालं.

आता ती आइस्क्रीमची गोष्ट. अमेरिकेत ती इतकी प्रसिद्ध आहे की ओलेंचं नाव निघालं की आधी तीच निघते. मिलवॉकीजवळच्या ओकॉची तळ्यावर मंडळी सहलीला गेली होती. दिवस कडक उन्हाचा. बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं. दुकान तळ्याच्या पलीकडे, जवळजवळ 4 किलोमीटर. ओले होडी वल्हवत गेले आणि आइस्क्रीम घेऊन वल्हवतच परत आले, तोवर त्याचं पाणी झालं होतं. हात भरून आलेले, अंग घामाने निथळलेलं. होडी ढकलायला इंजिन का लावू नये, हा विचार तिथून डोक्यात बसला, असं म्हणतात.

इथं एक गोष्ट सरळ सांगायला हवी. होडीच्या मागे इंजिन लावायची कल्पना एकट्या ओलेंची नव्हे. अमेरिकेतच कॅमेरॉन वॉटरमन यांनी 1905 च्या सुमारास असं इंजिन केलं होतं आणि ते विकलंही जात होतं. त्याच्याही आधी काही प्रयत्न झाले होते. मग नाव ओलेंचंच का राहिलं? तर त्यांनी रोज वापरता येईल, टिकेल, सामान्य माणसाला परवडेल असं मशीन केलं, आणि ते विकायला घरातच बेससारखी माणूस होती.

पहिला नमुना बेसला दाखवला तेव्हा तिला ते कॉफी दळायचं यंत्र वाटलं. ओले खट्टू झाले नाहीत, सुधारत राहिले. 1909 मध्ये मशीन तयार झालं. एक सिलिंडर, दीड हॉर्सपॉवर, वजन 62 पौंड म्हणजे 28 किलो, आणि किंमतही 62 डॉलर. ओळखीच्या एकाला ते तळ्यावर वापरायला दिलं. तो परत आला तो दहा जणांची मागणी घेऊनच.

या मशीनची मांडणी समजून घेण्यासारखी आहे, कारण आजही ती फारशी बदललेली नाही. सिलिंडर आडवा आणि क्रँकशाफ्ट उभा. त्याच्या वरच्या टोकाला फ्लायव्हील. खालच्या टोकाला लांब दांडा जोडलेला, तो सरळ पाण्यात उतरतो. पाण्याखालच्या गिअरच्या डब्यात दोन दातेरी चाकं फिरण्याची दिशा काटकोनात वळवतात आणि पंखा फिरतो. होडी वळवायची तर अख्खं मशीनच वळवायचं, वेगळं सुकाणू नको. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. जुन्या स्कूटरला किंवा फवारणीच्या पेट्रोल पंपाला मिसळतो तसंच. झडपांचा कारभार नाही आणि ऑइलची वेगळी टाकीही नाही. कमी भाग, म्हणून कमी बिघाड. सुरू करायला मात्र दोरी नव्हती. फ्लायव्हीलवर एक मूठ होती, ती धरून चाकाला हिसका द्यायचा. इंजिन पेटलं की तीच मूठ गरागरा फिरायची आणि हात वेळेत काढला नाही तर बोटं फुटायची.

विक्रीची बाजू बेसने उचलली. वल्ही टाकून द्या आणि एव्हिनरूड लावा, अशा अर्थाची जाहिरात तिने स्वतः लिहिली. जाहिरात छापून आली आणि पत्रांचा ढीग पडू लागला. नॉर्वे, डेन्मार्ककडच्या मच्छीमारांसाठी परदेशातूनही मोठी मागणी आली. भांडवल कमी पडायला लागलं तेव्हा टगबोटींच्या धंद्यातले क्रिस मायर भागीदार झाले. 1911 मध्ये ओलेंना पेटंट मिळालं. कारखाना जोरात सुरू झाला.

आणि नेमकं तेव्हाच घर हललं. दिवसा कारखान्याचा पत्रव्यवहार, रात्री हिशोब, लहान मुलगा राल्फ, असं सगळं ओढता ओढता बेसची तब्येत पार ढासळली. ओलेंपुढे दोनच वाटा होत्या. धंदा ऐन भरात आला होता, तो धरायचा किंवा बायकोला वेळ द्यायचा. त्यांनी 1914 च्या सुमारास आपला सगळा हिस्सा मायर यांना विकला. करारात अट अशी की पाच वर्षं ओलेंनी या धंद्यात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे कारखाना गेला, आणि त्याच्याबरोबर मशीनवरचं स्वतःचं नावही गेलं. एव्हिनरूड नावाची इंजिनं विकली जात राहिली, फक्त त्यात एव्हिनरूड कुणी नव्हतं.

ती वर्षं त्यांनी बायको-मुलाला घेऊन देशभर फिरण्यात घालवली. बेसला आराम पडला. पण इंजिनं खोलण्यात वाढलेला माणूस स्वस्थ किती बसणार? आपल्याच जुन्या मशीनचे दोष त्यांना ठाऊक होते. ते फार जड होतं, हादरे फार द्यायचं आणि आवाजही मोठा करायचं. त्यांनी नवा आराखडा केला. समोरासमोर दोन सिलिंडर घेतले, म्हणजे एकाचा धक्का दुसरा खातो. लोखंडाऐवजी शक्य तिथं ॲल्युमिनियम वापरलं. धूर पाण्याखालून बाहेर सोडला, म्हणजे कानाला त्रास कमी. ताकद दुप्पट, 3 हॉर्सपॉवर, तरीही वजन पहिल्यापेक्षा कमी.

कराराची मुदत संपल्यावर हे मशीन त्यांनी आधी मायर यांच्याकडेच नेलं. मायर यांनी नकार दिला. मग ओले आणि बेसने पुन्हा शून्यातून कंपनी उभी केली. एव्हिनरूड हे नाव तर वापरता येत नव्हतं. म्हणून एव्हिनरूडचं हलकं, दोन सिलिंडरचं आउटबोर्ड अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून एल्टो हे नाव ठेवलं. 1921 पासून एल्टो बाजारात आलं. आता ओलेंची स्पर्धा स्वतःच्याच नावाशी होती. त्यात जॉन्सन कंपनीही हलकी मशीनं घेऊन उतरली आणि चुरस वाढली. 1928 मध्ये ओलेंनी चार सिलिंडरचं, 18 हॉर्सपॉवरचं एल्टो क्वाड काढलं.

1929 मध्ये एल्टो, लॉकवुड आणि जुनी एव्हिनरूड अशा तीन कंपन्या एकत्र झाल्या. नव्या कंपनीचे अध्यक्ष झाले ओले. पंधरा वर्षांनी नाव घरी आलं. पण आनंद करायला वेळ मिळाला नाही, त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत मोठी मंदी आली. हौसेची होडी कोण घेणार? कंपनी कशीबशी तगली. मे 1933 मध्ये बेस गेली. ओले त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. 12 जुलै 1934 रोजी मिलवॉकीत, वयाच्या 57 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. कारभार मुलगा राल्फ यांनी हाती घेतला आणि 1936 मध्ये जुनी स्पर्धक जॉन्सन कंपनीही याच घरात आली.

पुढे ही कंपनी खूप मोठी झाली आणि डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत निघाली. नाव बॉम्बार्डिअरकडे गेलं. मग मे 2020 मध्ये एव्हिनरूड आउटबोर्डचं उत्पादन कायमचं थांबलं. पण जुनी मशीनं चालूच आहेत. अमेरिकेत जुनी आउटबोर्ड जमवून घरच्या घरी चालू करणाऱ्यांची संघटना 1965 पासून आहे. शंभर वर्षांची एव्हिनरूड आणि एल्टो तळ्यात उतरवणारी हौशी माणसं तिथं आहेत.

हे जमतं ते ओलेंच्या साध्या मांडणीमुळे. असं मशीन अंगणात खोलायचं तर सुरुवात फ्लायव्हीलपासून होते. ते हाताने फिरतंय का बघायचं. जाम असेल तर जोर लावायचा नाही, प्लग काढून भोकातून पातळ ऑइल सोडायचं आणि काही दिवस थांबायचं. घाई केली की रिंगा तुटतात. मग करंट. फ्लायव्हीलखालचे पॉइंट गंजलेले असतात, ते बारीक पॉलिश पेपरने घासले की बऱ्याचदा ठिणगी परत येते. 1950 च्या काळातल्या मशीनची कॉइल मात्र तडकलेली सापडते, ती बदलावीच लागते. कार्बोरेटरमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा असतो. जुना फ्लोट बुचाच्या लाकडाचा, त्यावर लाखेसारखा लेप. आता आपल्याकडच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात हा लेप विरघळतो, बूच पेट्रोल पितं आणि फ्लोट बुडतो. मग इंजिन ओव्हरफ्लो मारतं आणि माणूस दिवसभर दुसरीकडेच दोष शोधत बसतो.

खाली गिअरच्या डब्यातलं ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलं. बऱ्याच मॉडेलांत थंड पाण्याच्या पंपात रबराची पाती असते. वर्षानुवर्षं पडून ती कडक होते. ती न बदलता मशीन चालवलं तर इंजिन तापून कामातून जातं, म्हणूनच कोरडं चालवायचं नाही, पिंपातच. ऑइलचं प्रमाणही जुनं ते जुनंच ठेवायचं. अलीकडच्या टू-स्ट्रोकला 50 लिटर पेट्रोलला 1 लिटर ऑइल चालतं, पण जुन्या कित्येक मॉडेलांना 24 ला 1 किंवा त्याहून जास्त लागतं, कारण आत बेअरिंगऐवजी नुसते बुश असतात. पंख्याच्या दांड्यात एक छोटी पिन असते. पंखा दगडावर आपटला की ती मुद्दाम तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी कुणी पोलादी खिळा ठोकलेला आढळला, तर पुढचं काही करण्याआधी गिअरचा डबा उघडून दात मोजून घ्यावेत.