देवळालीचे कापरेकर मास्तर

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या भागात रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून पऱ्हे लावता लावता बाया एकमेकींना कोडी घालतात. एकीने कोडे टाकायचे आणि बाकीच्यांनी हात न थांबवता उत्तर शोधायचे. उत्तर सापडले नाही तर ते कोडे संध्याकाळी घरी जाते, रात्री जेवताना पुन्हा निघते आणि दुसऱ्या दिवशी बांधीवर त्याचा निकाल लागतो. माझी आजी शाळेची पायरी चढली नाही, पण तिच्याजवळ कोड्यांचे मोठे गाठोडे होते. कोडे सुटले म्हणून मजुरी वाढत नाही किंवा धान जास्त पिकत नाही. तरीही वाकलेल्या कमरेचा विसर पडतो आणि उत्तर सांगणारीचा चेहरा दिवसभर खुललेला राहतो.

आजीच्या कोड्यांची आठवण यावी असा एक माणूस मला गेल्या वर्षी ग्रंथालयात भेटला. त्यांची कोडी शब्दांची नव्हती, आकड्यांची होती. दहावीला गणितात मी कसाबसा पास झालो आणि गणित सुटले म्हणून आनंदाने कला शाखेत आलो. अशा विद्यार्थ्याने एका गणितवेड्या शिक्षकाचे चरित्र लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. पण त्या माणसाने माझ्या मनातली एक गाठ सोडवली, म्हणून हा प्रपंच.

गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस ज्या लोहमार्गाने मुंबईला जाते, त्याच मार्गावर नाशिक रोडच्या पुढे देवळाली लागते. लष्करी छावणीचे आणि चांगल्या हवेचे गाव म्हणून ते लोकांना माहीत आहे. याच गावी एका शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी मास्तरकी केली.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच आई वारली आणि वडिलांनी त्यांना वाढवले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाची फार आवड होती. ज्योतिषावर आपला विश्वास असो वा नसो, कुंडली मांडायची तर बेरजा-वजाबाक्या कराव्याच लागतात. लहानग्या दत्तात्रयाने वडिलांजवळून ग्रहांपेक्षा आकड्यांचीच गोडी घेतली. शाळेत असताना गणिती कोडी सोडवण्यात त्यांचे तासन् तास जात.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले आणि पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, त्यांना गणितातील स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय म्हणजे रँग्लर परांजपे. त्यांच्या नावाचे पारितोषिक मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली. त्यानंतर मात्र शिक्षण थांबले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही आणि संशोधक म्हणून त्यांना कोणी जागा दिली नाही. पुढच्याच वर्षी ते देवळालीला शिक्षक झाले.

सामान्यतः अशा वेळी माणूस पारितोषिकाचे प्रमाणपत्र भिंतीला लावून संसाराला लागतो. कापरेकरांनी तसे केले नाही. शाळा सुटल्यावर सायकलवरून शिकवण्यांना जावे, नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करावा आणि सुचेल ते लिहून काढावे असा त्यांचा क्रम होता. या छंदाला लागते काय? कागद, पेन्सिल आणि वेळ. पहिल्या दोन गोष्टी स्वस्त होत्या, तिसरी ते स्वतःच्या झोपेतून काढीत असावेत.

आता त्यांचे सर्वांत प्रसिद्ध कोडे सांगतो. वाचकांनी हातात पेन्सिल घ्यावी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हीच क्रिया करा. मध्ये शून्य आले तर ते गाळायचे नाही. उदाहरणासाठी कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ चे अंक मांडले की ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, उत्तर ८१७२. त्याच रीतीने ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया करून पाहा. ७६४१ वजा १४६७, उत्तर पुन्हा ६१७४! गाडी येथे थांबते. कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच स्टेशनात याल. कापरेकरांचे निधन १९८६ साली झाले. त्या वर्षाचे अंक घेतले तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येते आणि वाट जन्मवर्षाच्या वाटेला मिळते.

हे असे का होते? प्रथम मला हा जादूचा खेळ वाटला. पण सावकाश पाहिले तर त्यात जादू नाही. वजाबाकी करताना चार अंक कोणते याला महत्त्वच उरत नाही. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातले अंतर आणि मधल्या दोन अंकांतले अंतर, एवढ्या दोनच गोष्टींवर उत्तर ठरते. पहिले अंतर ९९९ ने गुणा, दुसरे ९० ने गुणा आणि बेरीज करा, उत्तर तयार. मोठे अंतर १ ते ९ असू शकते आणि मधले अंतर त्याहून मोठे होऊ शकत नाही. मोजले तर अशा जोड्या फक्त ५४ भरतात. म्हणजे सुरुवातीला ८९९१ संख्या रांगेत उभ्या असल्या, तरी पहिल्या वजाबाकीनंतर ५४ च उत्तरे शिल्लक राहतात. ती चोपन्न कोणीही एका बैठकीत तपासू शकतो. शिवाय प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातोच, त्यामुळे चूक झाली तर लगेच सापडते.

हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तीन अंकी संख्यांचे असेच ठाणे ४९५ आहे.

त्यांची बाकीची कामेही याच जातीची. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ व २०९ मिळून ७०३. अशा संख्यांना कापरेकर संख्या हे नाव पडले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. १२ ही हर्षद, कारण १ आणि २ मिळून ३ आणि ३ ने १२ ला भाग जातो. रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ हीसुद्धा हर्षदच. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ एक्क्याण्णवे १७२९. डोंबिवली स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनावरून डेम्लो संख्या म्हटले. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१, ही त्या कुळातली सुंदर मंडळी.

मला सर्वांत आवडल्या त्या स्वयंभू संख्या. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४ होतात. म्हणजे २४ चा जनक २१. पण काही संख्यांना असा जनकच सापडत नाही. २०, ३१, ४२, ५३ या त्यांपैकी. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले आणि त्यांनाच देवळाली संख्या असेही नाव दिले. ज्या घरात माझ्या आधी कोणी महाविद्यालयाचे दार पाहिले नाही त्या घरातल्या मुलाला या संख्या जवळच्या का वाटल्या, हे सांगायला नको.

एवढे सगळे करूनही त्यांच्या वाट्याला काय आले? देशातल्या काही गणितज्ञांनी त्यांना हसण्यावारी नेले. हे गणित नव्हे, पोरखेळ आहे, असे त्यांचे मत होते. या मताला काही आधार आहे हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपण संख्या दशमान पद्धतीने लिहितो म्हणून ६१७४ चा चमत्कार घडतो. लिहिण्याची पद्धत बदलली तर तो चमत्कार राहत नाही. ज्यांना संख्यांच्या मुळाशी जायचे असते त्यांना त्यांच्या पोषाखाचे एवढे कौतुक वाटत नाही. परंतु आपल्याकडे गणिताची गोडी लावण्याची जुनी रीत कोड्यांचीच आहे. ११५० साली भास्कराचार्यांनी लीलावती लिहिली, तिच्यातली उदाहरणे कमळांच्या, भुंग्यांच्या आणि हंसांच्या गोष्टींतून येतात. भास्कराचार्यांच्या नातवाने कोरवलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे, आणि चाळीसगावही याच लोहमार्गावर आहे. कोड्यातून शहाणपण देण्यात कमीपणा असता तर त्या आचार्यांनी ते केले नसते.

कापरेकरांचे काही लेख नियतकालिकांत छापून आले. १९५५ साली अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात ६१७४ वरचा लेख प्रसिद्ध झाला. पण पुष्कळसे लिखाण त्यांनी स्वतःच छोट्या पुस्तिकांच्या रूपाने छापले. प्रकाशक म्हणून आपलेच नाव आणि पत्ता खारेसवाडा, देवळाली. शाळामास्तराच्या पगारातून पदरमोड करून पुस्तिका काढणे म्हणजे काय, हे हातावर पोट असलेल्या घरातल्या मुलाला लवकर कळते. आसपासच्या महाविद्यालयांत बोलावणे आले की मात्र ते आनंदाने जाऊन आपल्या संख्यांच्या गमती सांगत.

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली पत्नी गेल्या. राहणी अगदी साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून म्हातारपणी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या.  अशा माणसाने कपाळाला हात लावला असता तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी वही मिटली नाही.

आणि मग १९७५ साली दार उघडले. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक १९५७ पासून सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मनोरंजक गणिताचे सदर चालवीत होते. ते कोडी घालीत आणि देशोदेशीचे वाचक पत्राने उत्तरे, सुधारणा आणि नवी कोडी पाठवीत. आमच्या बांधीवर चालते तेच, फक्त बांधी जगाएवढी! मार्च १९७५ च्या अंकात गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांवर लिहिले. देवळालीचे सत्तर वर्षांचे निवृत्त मास्तर जगाला माहीत झाले. येथे एक गोष्ट कला शाखेच्या मित्रांनी लक्षात ठेवावी. गार्डनर यांची पदवी तत्त्वज्ञानाची होती, गणिताची नव्हती. एक बी. एस्सी. शिक्षक आणि एक तत्त्वज्ञानाचा पदवीधर, या दोघांनी मिळून असंख्य लोकांना गणिताकडे वळवले.

कापरेकरांना जाऊन आता अनेक वर्षे झाली. त्यांच्या नावाची संख्या ज्यांना पाठ आहे अशा परदेशी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना देवळाली नकाशात दाखवता येणार नाही. आपल्याकडे उलट आहे. देवळाली ठाऊक, कापरेकर ठाऊक नाहीत.

शेवटी घरची गोष्ट. माझे बाबा राईस मिलमध्ये हमाली करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. बी. ए. होऊन पुढे काय, असे नातेवाईक विचारतात तेव्हा ते काही बोलत नाहीत, पण ऐकतात. मलाही उत्तर येत नसे. दिवाळीच्या सुटीत एका रात्री मी त्यांना ६१७४ चे कोडे घातले. त्यांनी त्या दिवशीच्या पोत्यांच्या हिशेबातली एक संख्या घेतली आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर वजाबाकी मांडली. तिसऱ्या पायरीला हातचा चुकला. नऊने भाग जात नाही हे पाहून मी म्हटले, बाबा, येथे काहीतरी राहिले. त्यांनी ती ओळ पुसली, पुन्हा मांडली, आणि थोड्या वेळाने ६१७४ आले. मग आईकडून एक संख्या घेतली, मग माझ्या बहिणीकडून. प्रत्येक वेळी तेच. रात्री बराच उशीर झाला, तरी बाबांच्या हातातली पेन्सिल सुटेना. मी त्यांना चोपन्न जोड्यांचे कारण सांगितले. इतक्या वर्षांत मी बाबांना काही समजावून सांगितल्याची ती पहिली वेळ होती.

दोन दिवसांनी ते कामावरून आले आणि सांगू लागले, की मिलमध्ये जेवणाच्या सुटीत सगळे हेच करीत बसले होते आणि चौकीदाराने आपल्या गावी जाऊन हे कोडे घातले. हे कोणी शोधले, असे एकाने विचारले तेव्हा बाबांनी नाव सांगितले, देवळालीचे कापरेकर मास्तर. आणि हे तुला कोणी शिकवले, असे विचारल्यावर त्यांनी माझे नाव सांगितले.

मित्रहो, बी. ए. होऊन पुढे काय, याचे पूर्ण उत्तर आजही माझ्याजवळ नाही. पण शिकलेली गोष्ट घरी नेता येते आणि ती घराबाहेरही जाते, एवढे मला कापरेकर मास्तरांमुळे कळले. आपणही आज एक चार अंकी संख्या घ्यावी, आणि कोडे सुटले की ते दुसऱ्याला घालावे.